मज्जातंतूंच्या चालीची परीक्षा

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेनंतर पालकांना प्रगतिपुस्तकें दाखविण्याचा दिवस होता. आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्याच्या आई कामठीहून आल्या होत्या. गुण पाहून झाल्यावर सही करण्यासाठीं त्यांनीं लेखणी हातांत घेतली, दोन अक्षरें काढलीं, आणि लेखणी बोटांतून निसटून मेजाखालीं गेली. मुलानें ती उचलून दिली. ती पुनः निसटली. बाई ओशाळल्या व म्हणाल्या, "शाई आणा जी गुरुजी, अंगठाच घ्या." ज्यांना सही करतां येते त्यांनीं अंगठा उठविण्याची परवानगी मागावी, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनीं जें सांगितलें त्यावरूनच हा लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलें.

त्यांचें म्हणणें असें : तीन-चार महिन्यांपासून रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन त्यांना जाग येते. अंगठा व त्याच्या शेजारचीं बोटें जड आणि बधिर होतात. तीं जणूं दुसऱ्या कोणाचीं असावींत असें वाटतें. उठून बसावें, हात खालीं सोडून चांगला झटकावा, म्हणजे थोड्या वेळानें बरें वाटतें. दिवसां विड्या वळतांना सूत हातांतून सुटतें. "रात्री हात मरून जातो जी," हे त्यांचे शब्द. इतके महिने कोणाजवळ बोललां कां नाहीं, असें विचारतां त्यांनीं आवाज खालीं केला. हात बधिर होणें ही महारोगाची सुरुवात, असें त्यांनीं लहानपणापासून ऐकलें होतें. मोहल्ल्यांत कळलें तर मोठ्या मुलीचें लग्न कसें जमावें, आणि विड्यांचें काम तरी कोणी कां द्यावें, ह्या भीतीनें त्या गप्प राहिल्या होत्या. एके ठिकाणाहून अशक्तपणाचें म्हणून औषध आणलें होतें. त्याचा कांहीं उपयोग झाला नव्हता.

आम्ही वैद्य नव्हों; शाळेंत शास्त्र हा विषय शिकवितों. तथापि करंगळीलाही असेंच होतें काय, एवढें आम्हीं विचारलें. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "करंगळीले काई नाई जी, ते बरी हाये." वाचकांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन ह्या बऱ्या असलेल्या करंगळीवर उभें आहे.

विद्यार्थीमित्रांनो, आतां आपला उजवा तळहात वर करून समोर धरा. घड्याळाचा पट्टा जेथें बसतो त्याच्या किंचित् पुढें, तळहाताच्या बुडाशीं, आठ लहान हाडें दोन ओळींत बसविलेलीं आहेत. त्यांची मांडणी सपाट नसून पन्हळीसारखी खोलगट आहे. ह्या पन्हळीच्या तोंडावर एक जाड व चिवट अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. खालीं हाडें आणि वर अस्थिबंध, असा जो बोगदा तयार होतो त्यास इंग्रजी वैद्यकांत कार्पल टनेल म्हणतात. बोटें वांकविणारे स्नायु कोपराच्या बाजूस असतात. त्यांचे दोर, ज्यांना कंडरा म्हणतात, ते ह्याच बोगद्यांतून बोटांकडे जातात. चार बोटांचे प्रत्येकीं दोन मिळून आठ, आणि अंगठ्याचा एक, असे हे नऊ दोर होत. दुसऱ्या हाताचें बोट मनगटाच्या आंतल्या बाजूवर ठेवून मूठ उघडा-मिटा. दोर सरकतांना जाणवतील. ह्या नऊ जणांच्या गर्दींत दहावा जो प्रवासी असतो तो मीडियन नांवाचा मज्जातंतु. दोर चिवट आहेत, त्यांना दाटी सोसते. हा दहावा मात्र नाजूक आहे.

अंगठा, तर्जनी, मधलें बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू, एवढ्या भागाच्या स्पर्शाच्या बातम्या मीडियन मज्जातंतु मेंदूकडे नेतो. अंगठ्याच्या बुडाशीं जो मांसल उंचवटा आहे त्यांतील बहुतेक स्नायूंना हुकूमही तोच पोंचवितो. उरलेली अर्धी अनामिका व करंगळी ह्यांचा कारभार अल्नर नांवाच्या दुसऱ्या मज्जातंतूकडे आहे. कोपर चुकून भिंतीवर आपटलें म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो हाच अल्नर. तो मनगटापाशीं ह्या बोगद्यांतून जात नाहीं, त्याची वाट शेजारून वेगळी आहे. म्हणून बोगद्यांत दाटी झाली तर अंगठा व पहिलीं बोटें तक्रार करतात आणि करंगळी सुखांत राहते. संपूर्ण हात सारखाच बधिर झाला असता तर शोध दुसरीकडे घ्यावा लागता.

ही दाटी कशी होते? कित्येकदां एकच असें कारण सांगतां येत नाहीं. दोरांभोंवतीं जें पातळ अस्तर असतें तें जाड होतें, सुजतें, आणि बोगदा तर तसूभरही रुंदावत नाहीं. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा विकार पुष्कळ अधिक आढळतो. मधुमेह, गलग्रंथीची मंदता, सांध्यांचा संधिवात ह्यांमुळें तो होऊं शकतो. गरोदरपणांतही होतो व प्रसूतीनंतर बहुधा जातो. ज्यांना बोटांनीं जोर लावून तेंच तें काम तासन्‌तास करावें लागतें त्यांना त्याचा धोका अधिक. आमच्या भागांत असे हात थोडे नाहींत. विडीचेंच पाहा : भिजविलेलें तेंदूचें पान कात्रीनें बेतावयाचें, त्यांत तंबाखू पसरावयाची, अंगठा व दोन बोटांच्या चिमटींत तें घट्ट वळावयाचें, सूत गुंडाळावयाचें, टोंकें दुमडावयाचीं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानें मिळते. म्हणजे ही सर्व क्रिया हजारदां केल्यावर हिशेबाचा एक आंकडा पुरा होतो.

रात्रींच मुंग्या कां येतात, ह्याचें उत्तर दाबाच्या मोजमापानें मिळालें आहे. 1981 सालीं अमेरिकेंतील गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बोगद्यांत बारीक नळी घालून आंतील दाब मोजला. निरोगी माणसाच्या सरळ मनगटांत तो पाऱ्याच्या सुमारें अडीच मिलिमीटरांइतका भरला. रोग्यांच्या मनगटांत सरासरी 32. आणि रोग्यानें मनगट पूर्ण वांकविलें कीं 90 च्या वर. झोपेंत आपण हात उशीखालीं किंवा हनुवटीखालीं मुडपून घेतों. दाब वाढला म्हणजे मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मिटतात व तो गुदमरतो. हात झटकून सरळ केला कीं रक्त वाहूं लागतें.

हा विकार वैद्यांना उमगण्यास पुष्कळ काळ लागला. मनगटाच्या जुन्या दुखापतीनंतर मीडियन दबल्याचे दाखले इंग्लंडच्या जेम्स पॅजेटनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेविले होते. बोस्टनच्या पुट्‌नमनें 1880 सालीं रात्रीं हात बधिर होऊन जाग्या होणाऱ्या रोग्यांचें वर्णन केलें. तें वाचतांना कामठीच्या बाईच बोलत आहेत असें वाटावें. 1913 सालीं पॅरिसच्या मारी व फ्वा ह्यांनीं मृत्यूनंतर उघडून पाहिलेल्या एका हातांत अस्थिबंधाच्या अलीकडे मज्जातंतु सुजलेला व खालीं चेपलेला दाखविला, आणि वेळींच अस्थिबंध कापला असता तर बरें झालें असतें असें सुचविलें. तरीही पुढें तीस-पस्तीस वर्षें पुष्कळ डॉक्टर दोष मानेंत शोधीत राहिले. मानेजवळची जादा बरगडी मज्जातंतूंना दाबते असें समजून कित्येकांच्या बरगड्या काढण्यांत आल्या, आणि हात बधिरच राहिले. 1950 च्या सुमारास अमेरिकेच्या फॅलेननें ह्या विषयाचा पाठपुरावा केला तेव्हां कोठें मनगटाकडे सर्वांचें लक्ष वळलें. दुखणें एका जागीं आणि शस्त्र दुसऱ्या जागीं, असें होऊं नये म्हणूनच दोष नेमका कोठें आहे हें सांगणारी परीक्षा हवी होती.

आमच्याकडे तर मानेखेरीज आणखी एक संशय उभा राहतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. महारोग, ज्याला आतां आपण कुष्ठरोग म्हणतों, त्याचे जंतु मज्जातंतूंतच घर करतात. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हा रोग अजून आढळतो. ह्याच प्रदेशांत 1936 सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाणांनीं महारोग्यांची सेवा आरंभिली, आणि 1949 सालीं बाबा आमट्यांनीं वरोऱ्यास महारोगी सेवा समिति काढली, जिचें आनंदवन सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या रोगाची रीत निराळी. त्यांत हाताचा अल्नर मज्जातंतु बहुधा आधीं व अधिक सांपडतो, म्हणजे करंगळी बचावत नाहीं. कोपरामागें तो मज्जातंतु दोरीसारखा जाड लागतो. आणि अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा बहुतेक असतो. शिवाय 1982 पासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली आहे. सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतलें कीं रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तें फुकट मिळतें. तेव्हां बाईंना वाटत होता तो रोग खरोखर असता, तरी लपविण्यानें त्यांचें नुकसानच होतें.

असो. आतां मुख्य विषयाकडे वळूं. कांहीं साध्या परीक्षा यंत्रावांचून होतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस लावून मनगटें खालीं वांकवावीं व एक मिनिट तसेंच राहावें; त्या अवधींत पहिल्या बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. ही फॅलेनची परीक्षा. मनगटावर बोटानें हलकेंच ठोकलें असतां बोटांत विजेसारखी चमक जाणें, हें फ्रान्सच्या टिनेलनें 1915 सालीं सांगितलेलें लक्षण. ह्या परीक्षा बिनखर्चाच्या आहेत, पण निरोगी माणसालाही कधीं मुंग्या येतात व रोग्याला कधीं येत नाहींत. त्यांच्या साक्षीवर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं.

खरी मौज पुढें आहे. मज्जातंतूंतून बातमी जाते ती विजेच्या खुणेच्या रूपानें. बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होतांच तो झटका देतो, हें इटलीच्या गॅल्व्हानीनें 1791 सालीं जगापुढें मांडलें. मग ही बातमी किती वेगानें धांवते? प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर ह्यांचें मत असें होतें कीं हा वेग मोजण्याचीं साधनें आपल्याला कधीं लाभावयाचीं नाहींत. त्यांचाच शिष्य हेल्म्‌होल्ट्झ ह्यानें 1850 सालीं तो मोजला! बेडकाच्या मज्जातंतूंत तो सेकंदास 27 मीटरांच्या आसपास निघाला. माणसाच्या हातांत तो सेकंदास 50 ते 60 मीटर असतो, म्हणजे तासाला सुमारें 200 किलोमीटर. नागपूर स्टेशनांतून सुटणारी कोणतीही आगगाडी ह्या वेगाला गांठूं शकत नाहीं. परंतु विजेच्या तारेंतून जाणाऱ्या संदेशाच्या मानानें हा वेग अगदींच क्षुद्र आहे, आणि म्हणूनच तो मोजतां येतो.

हेल्म्‌होल्ट्झची युक्ति शाळेच्या ओसरींत करून पाहण्याजोगी आहे. आम्हीं ती तीस मुलांना ओळींत उभें करून पाहिली. पहिल्यानें दुसऱ्याचा घोटा दाबावयाचा, दुसऱ्याला तें जाणवतांच त्यानें तिसऱ्याचा, असें शेवटपर्यंत. शेवटचा ओरडला कीं घड्याळ थांबवावयाचें. नंतर घोट्याऐवजीं खांदा दाबून तोच खेळ. दोन्ही वेळां प्रत्येक मुलाला समजण्यास व हात हालविण्यास लागणारा वेळ सारखाच. फरक एवढाच कीं घोट्याची बातमी मेंदूपर्यंत सुमारें एक मीटर अधिक चालते. तीस मुलांचे तीस मीटर. दोन वेळांची वजाबाकी केली कीं त्या तीस मीटरांचा वेळ हातीं येतो. पहिल्या दोन खेपा मुलांच्या हंसण्यांत गेल्या, पुढच्या खेपांचे आंकडेही फार एकसारखे नव्हते. पण खांद्याची फेरी दरवेळीं आधीं संपली, आणि वजाबाकी कशासाठीं करावयाची हें मागच्या बांकावरच्या मुलांनाही समजलें.

दवाखान्यांतील यंत्र हीच वजाबाकी करतें. अंगठ्याच्या उंचवट्यावर धातूची एक चकती चिकटवितात. मनगटावर विजेचा क्षणिक टोला देतात. उंचवट्याचा स्नायु आखडतो व पडद्यावर लाट उमटते. समजा, टोल्यापासून लाटेपर्यंत 4 मिलिसेकंद लागले. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मग कोपरापाशीं टोला दिला, तेव्हां 8 मिलिसेकंद लागले. दोहोंतील फरक 4 मिलिसेकंद, आणि कोपर ते मनगट हें अंतर 22 सेंटिमीटर भरलें, तर वेग सेकंदास 55 मीटर. स्नायूला जागें होण्यास लागणारा वेळ दोन्हींकडे सारखा असल्यानें वजाबाकींत उडून जातो.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वर्ध्याहून येणारी गाडी बुटीबोरीपर्यंत भरधांव आली, पण अजनीपुढें सिग्नल न मिळाल्यामुळें खोळंबली, तर वर्धा ते बुटीबोरी ह्या टप्प्याचा वेग कितीही बारकाईनें मोजला तरी खोळंबा सांपडेल काय? मुळींच नाहीं. मनगटाच्या विकारांत खोळंबा शेवटच्या टप्प्यांत असतो. म्हणून कोपर ते मनगट वेग बहुधा ठीक निघतो आणि मनगट ते अंगठा हा वेळ लांबतो. सिम्प्सन ह्या ब्रिटिश वैद्यानें 1956 सालीं हेंच दाखवून दिलें. हा शेवटचा वेळ साधारणपणें सव्वाचार-साडेचार मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला कीं वैद्य सावध होतात.

परंतु हें लक्षण उमटेपर्यंत विकार पुढें गेलेला असूं शकतो. त्याचें कारण मज्जातंतूच्या रचनेंत आहे. एका मज्जातंतूंत हजारों धागे असतात. जाड धाग्यांवर मायेलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें आणि त्याला ठराविक अंतरावर बारीक खंड असतात. बातमी ह्या खंडावरून त्या खंडावर उड्या घेत जाते, म्हणून एवढा वेग. दाब पडला कीं प्रथम वेष्टन बिघडतें, उड्या चुकतात, चाल मंदावते. ह्या अवस्थेंत दाब काढला तर वेष्टन पुनः तयार होतें. दाब तसाच राहिला तर आंतला धागाच मरतो. तेव्हां पडद्यावरील लाट नुसती उशिरां येत नाहीं, ती खुजी होते, आणि अंगठ्याचा उंचवटा वाळून खड्डा पडतो. मग हात मोकळा केला तरी गेलेलें सर्व परत येईलच असें नाहीं. लाट उशिरां येणें आणि लाट खुजी होणें ह्या दोन अवस्थांमध्यें कित्येकांचें पोट भरणारें कौशल्य हातचें जातें.

स्पर्शाचे धागे हुकुमाच्या धाग्यांपेक्षां सहसा आधीं बिघडतात. म्हणून आरंभीं स्पर्शाची चाल पाहावी लागते. ती माणसाच्या कातडीवरूनच टिपतां येते हें इंग्लंडांत डॉसन व स्कॉट ह्यांनीं 1949 सालीं दाखविलें, आणि 1958 सालीं गिलियट व सीअर्स ह्यांनीं ती रोगपरीक्षेच्या कामीं आणली. तरीही अडचण उरतेच. बोटापासून मनगटापर्यंत 14 सेंटिमीटर वाट. त्यांत दबलेला भाग तीन-चार सेंटिमीटरांचा. तेवढ्या भागांत अर्धा मिलिसेकंद उशीर झाला तर तो एकंदर वेळांत बुडून जातो. कारण निरोगी माणसांतही वय, उंची, हाताची ऊब ह्यांमुळें तेवढा फरक पडतोच. हा उशीर रोगाचा कीं ह्या माणसाची चालच अशी, हें कसें ओळखावें?

येथें अनामिका मदतीस येते. हें एकच बोट असें कीं त्याची एक बाजू मीडियनकडे व दुसरी अल्नरकडे आहे. एकाच गांवाहून एकाच वेळीं दोन जासूद निघाले. वय तेंच, हवा तीच, अंतर तेंच. फक्त एकाची वाट बोगद्यांतून व दुसऱ्याची बाहेरून. अनामिकेच्या बुडाशीं विजेचा टोला द्यावयाचा आणि मनगटावर दोन्ही लाटा कधीं येतात तें पाहावयाचें. दोघे जवळजवळ बरोबर पोंचले तर ठीक. मीडियनचा जासूद सुमारें 0.4 मिलिसेकंदाहून अधिक मागें पडला तर बोगद्यांत कांहीं तरी आहे. रोग्याची तुलना जगाशीं न करितां त्याच्याच हातांतील शेजाऱ्याशीं करावयाची, ही कल्पना आम्हांस ह्या सर्व शास्त्रांतील अत्यंत सुंदर गोष्ट वाटते. ह्याच धर्तीवर तळहातापासून मनगटापर्यंत 8 सेंटिमीटरांची तुलना करितात, आणि अंगठ्यावर मीडियनची तुलना रेडियल ह्या तिसऱ्या मज्जातंतूशीं करितात. पुष्कळ तुलना केल्या तर एखादी योगायोगानेंही वांकडी निघावयाची. म्हणून रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1998 सालीं ह्या तिन्ही फरकांची बेरीज घेण्याची रीत सांगितली. बेरीज 1 मिलिसेकंद किंवा अधिक असली तर विकार मानावा, तिन्हींपैकीं एकट्यादुकट्यावर निकाल देऊं नये.

बाईंना शहरांतील एका रुग्णालयांत मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेलें तेव्हां त्यांचा मुलगा व आम्ही बरोबर होतों. तो डिसेंबराचा महिना होता आणि बाईंचे हात गार पडले होते. डॉक्टरांनीं परीक्षा लगेच सुरू न करितां प्रथम त्यांचे हात ऊन पाण्यांत ठेवविले व मग कातडीवर तापमापक लावला. थंडीनें मज्जातंतूची चाल मंदावते, अंशामागें सेकंदास सुमारें दोन मीटर. कातडी 32 अंशांच्या आसपास ऊब धरीपर्यंत घेतलेला आंकडा फसवितो. नागपूरचा उन्हाळा ह्या कामीं तरी उपयोगाचा असावा असें आम्ही म्हणालों. त्यावर डॉक्टर हंसून म्हणाले कीं मे महिन्यांत लोक वातानुकूलित खोलींत तासभर बसून हात आणखी गार करून आंत येतात.

त्याआधीं त्यांनीं पाठ, हात व पाय उजेडांत नीट पाहिले, कोपरामागचे मज्जातंतु चाचपले, आणि नायलॉनच्या बारीक तंतूनें बोटांना स्पर्श करून डोळे मिटलेल्या बाईंना कळतें कीं नाहीं तें विचारलें. कोठें चट्टा नव्हता, मज्जातंतु जाड नव्हता. त्यांनीं तें मोठ्यानें व स्पष्ट शब्दांत सांगितलें. बाईंनीं पदर तोंडाला लावला. नुसत्या विजेच्या परीक्षेनें कुष्ठरोग नाहीं असें ठरत नाहीं, कातडी डोळ्यांनीं पाहावीच लागते, हें त्यांनीं आम्हांस मागाहून समजावून दिलें.

विजेचा टोला कसा लागतो, ह्याची मुलाला फार काळजी होती. डॉक्टरांनीं पहिला टोला त्याच्याच हाताला दिला. रबराचें कडें ताणून सोडावें तसा तो लागतो. टोला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोडा वेळ टिकतो. ज्यांच्या छातींत हृदयाचें यंत्र बसविलेलें आहे त्यांनीं मात्र तें आधीं सांगितलें पाहिजे. उजव्या हाताचा अंगठ्यापर्यंतचा वेळ 4.0 मिलिसेकंद निघाला. म्हणजे जुन्या रीतीनें परीक्षा तेथेंच थांबली असती तर बाई निरोगी ठरून घरीं आल्या असत्या. अनामिकेवर मात्र मीडियनची लाट 3.4 व अल्नरची 2.7 मिलिसेकंदांनीं आली. फरक 0.7. तळहातावर 0.5, अंगठ्यावर 0.8, बेरीज 2.0. लाटांची उंची चांगली होती. डाव्या हाताची बेरीज 0.8, म्हणजे रेषेच्या आंत. मुलानें हे आंकडे आपल्या वहींत उतरून घेतले व बेरीज स्वतः करून पाहिली.

ही परीक्षा सर्वज्ञ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ती फक्त जाड धाग्यांची चाल पाहते. वेदना नेणारे बारीक धागे तिला दिसत नाहींत. ज्यांचें दुखणें अगदीं ठराविक आहे अशा कांहीं रोग्यांत ती निर्दोष निघते, आणि ज्यांना कसलाच त्रास नाहीं अशांत कधीं बिघडलेली निघते. शस्त्रक्रिया करावयाची ती माणसावर, आंकड्यावर नव्हे, असें डॉक्टर म्हणाले, आणि आम्हांस तें पटलें. मानेंतील मुळाशीं मज्जातंतु दबला असेल तर बोटें अशींच बधिर होतात. तसा संशय आल्यास स्नायूंत बारीक सुई घालून आणखी परीक्षा करितात. अलीकडे ध्वनिलहरींच्या यंत्रानें मनगटांतील सुजलेला मज्जातंतु प्रत्यक्ष पाहतांही येतो.

उपाय विकाराच्या पायरीप्रमाणें. आरंभीं रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून निजावें, म्हणजे झोपेंत दाब चढत नाहीं. तेवढ्यानें न भागल्यास बोगद्यांत स्टेरॉइडची सुई देतात. तिचा गुण पुष्कळांना येतो, पण तो टिकेलच असें नाहीं. अंगठ्याचा उंचवटा वाळूं लागला किंवा बधिरपणा हटेना तर आडवा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करितात. ही शस्त्रक्रिया लर्मन्थ ह्यांनीं 1933 सालीं नमूद केली असून आतां ती मनगटापुरती जागा बधिर करून थोड्या वेळांत होते.

बाईंना पट्टी मिळाली, रक्तांतील साखर व गलग्रंथि तपासून झाली, दोन्ही ठीक निघालीं. विडीचें काम थांबवा असें सांगणें सोपें होतें, पण डॉक्टरांनीं घर चालतें कशावर तें आधीं विचारलें. मग असें ठरलें कीं सलग न बसतां मधून मधून उठावें, पान बेतण्याचें काम मुलीनें करावें, वळण्याचें बाईंनीं, आणि हजाराचा आंकडा कांहीं दिवस पुरा झाला नाहीं तरी चालवून घ्यावें. तीन आठवड्यांनीं मुलानें शाळेंत येऊन सांगितलें कीं आई सलग पांच तास झोपली. रोज रात्रीं पट्टी तोच बांधतो. पहिल्या दिवशीं फार घट्ट बांधली म्हणून बोलणी खाल्लीं.

वार्षिक परीक्षेच्या प्रगतिपुस्तकावर बाईंची सही आहे. अक्षर किंचित् वांकडें आहे, पण तें पूर्वींपासूनच तसें होतें असें त्या म्हणतात. सहा महिन्यांनीं पुनः चाल मोजावयाची ठरली आहे. मुलानें वहींत जुन्या आंकड्यांशेजारीं एक रकाना मोकळा ठेविला आहे.